जोडणी कोणाच्या नावावर?

दहावीचा निकाल लागला की कोचिंग क्लासच्या ऑफिसात फोन खणखणायच्या आधीच फेसबुकवरून चौकशा सुरू होतात. पालक जाहिरातीखालचा फॉर्म भरतो. काही सेकंदांत त्याचं नाव आणि नंबर गूगल शीटमध्ये उतरतो, त्याच्या व्हॉट्सॲपवर फीचं पत्रक जातं आणि प्रवेश पाहणाऱ्या मॅडमच्या मोबाईलवर 'नवीन एन्क्वायरी' असा मेसेज वाजतो. मध्ये कुणी माणूस नसतो. झॅपिअर, मेक, झोहो फ्लो, पॅबली कनेक्ट, पॉवर ऑटोमेट, एन-एट-एन यांपैकी एखाद्या साधनात कुणीतरी एका दुपारी बसून ही साखळी बांधून दिलेली असते. ती नीट चालली की लोक तिला विसरतात, आणि तसं ते बरोबरही आहे.

पण साखळीच्या प्रत्येक कडीपाशी कुणीतरी एकदा 'अलाऊ' दाबलेलं असतं. फेसबुकच्या पेजला परवानगी दिली ती संचालकांच्या खात्यातून, कारण पेजचे ॲडमिन तेच. शीट उघडली ती मॅडमच्या घरच्या जीमेलवर, कारण त्या दिवशी तेच लॉगिन चालू होतं. व्हॉट्सॲपची चावी जाहिरात सांभाळणाऱ्या एजन्सीच्या मुलानं टाकून दिली. या प्रत्येक परवानगीला या धंद्यात 'कनेक्शन' म्हणतात. साखळीच्या कडेला अशी तीन-चार कनेक्शन्स असतात, आणि तीन-चार वेगवेगळ्या माणसांच्या नावावर. पुढे त्यातल्या मॅडम नोकरी सोडतात.

आता दोन गोष्टी होऊ शकतात. मॅडमचं खातं क्लासनं दिलेलं असेल तर हिशेबनीस शेवटच्या दिवशी ते बंद करतो, आणि त्याच क्षणी साखळी तुटते. ऐन प्रवेशाच्या आठवड्यात चौकशा येतात, पण शीटमध्ये उतरत नाहीत. साधनाकडून 'युअर कनेक्शन हॅज एक्स्पायर्ड' अशी सूचना जाते ती मॅडमच्याच बंद झालेल्या इनबॉक्सात. खातं त्यांचं खासगी असेल तर काहीच तुटत नाही. मॅडम दुसऱ्या क्लासला रुजू होतात आणि पहिल्या क्लासच्या प्रत्येक नव्या चौकशीचं नाव-नंबर त्यांच्या स्वतःच्या ड्राइव्हमध्ये गोळा होत राहतं. त्यांनी मागितलेलं नसतं, कदाचित त्यांना ठाऊकही नसतं.

पहिल्या प्रकारात लगेच आरडाओरडा होतो आणि दोन दिवसांत दुरुस्ती होते. दुसरा प्रकार वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. कनेक्शन सांभाळण्याचा प्रश्न आपण बहुतेक वेळा पहिल्या अंगानंच मांडतो: तुटू नये, चालू राहावं. मला दुसरं अंग जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि तेवढ्यासाठी सगळ्याला कुलूप घालावं असंही वाटत नाही. ही दोन्ही टोकं तोलून पाहायला हवीत.

हे 'अलाऊ' बटण मुळात आलं ते एका मोठ्या गैरसोयीवर उतारा म्हणून. त्याआधी एका सेवेला दुसरीशी जोडायचं तर थेट पासवर्ड द्यावा लागे. नव्या साइटवर ओळखीची माणसं शोधायची तर ती साइट बिनदिक्कत जीमेलचा पासवर्ड मागे आणि लोक तो देतही असत. २००७मध्ये ओऑथ नावाची पद्धत आली. पासवर्ड मूळ सेवेपाशीच राहील, दुसऱ्याला मिळेल ते एक टोकन, ठरावीक कामापुरतं आणि केव्हाही रद्द करता येणारं. तिची दुसरी आवृत्ती ऑक्टोबर २०१२मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली, आणि आज गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, स्लॅक सगळे तीच वापरतात. तिचे प्रमुख संपादक एरन हॅमर यांनी मात्र त्याच वर्षी जुलैत संपादकपद सोडून मसुद्यावरून आपलं नाव काढून घेतलं होतं. नवी आवृत्ती आधीपेक्षा गुंतागुंतीची आणि कमी सुरक्षित झाली, अशी त्यांची तक्रार होती. इतकी वर्षं झाली तरी ती पूर्णपणे खोटी ठरलेली नाही.

टोकन म्हणजे मुखत्यारपत्रच. जमिनीच्या व्यवहारात आपण कुलमुखत्यारपत्र द्यायला कचरतो, आणि विशेष मुखत्यारपत्र देतानाही कोणता गट, कोणतं काम, कुठवर हे वकिलाकडून लिहून घेतो. इथे 'तुमच्या गूगल ड्राइव्हमधल्या सगळ्या फाइल्स पाहणं, बदलणं, तयार करणं आणि डिलीट करणं' एवढी मजबूत ओळ समोर असते, आणि आपण ती न वाचता निळं बटण दाबतो. ज्या फाइल्स वापरणारा स्वतः निवडून देईल तेवढ्यांपुरतीच परवानगी मागण्याची सोय गूगलनं ठेवली आहे. बऱ्याच जोडण्या तरीही अख्खा ड्राइव्ह मागतात, कारण तेवढं मागितलं की साधन बनवणाऱ्याची पुढची डोकेदुखी कमी होते.

तर मग कुलूप घालावं, असं म्हणणाऱ्यांची बाजू काय? ती दुबळी नाही. ३ मे २०१७ रोजी जगभरच्या लोकांना ओळखीच्या माणसाकडून एक ईमेल आला: अमुक यांनी तुमच्याशी डॉक्युमेंट शेअर केलं आहे. क्लिक केल्यावर गूगलचं खरंखुरं परवानगीचं पान उघडत होतं. परवानगी मागणाऱ्या ॲपनं स्वतःचं नाव 'गूगल डॉक्स' असं ठेवलं होतं, एवढीच फसवणूक. पासवर्ड कुणाचाच गेला नाही. लोकांनी आपल्या हातानं मुखत्यारपत्र दिलं. गूगलनं तासाभरात ते थांबवलं आणि फटका ०.१ टक्क्याहून कमी वापरकर्त्यांना बसल्याचं सांगितलं, पण जीमेलच्या पसाऱ्यात तेवढेही पुष्कळ होतात.

त्यानंतरच्या घटनांत तर सामान्य माणसाची चूकही नव्हती. एप्रिल २०२२मध्ये कोड साठवून ठेवणाऱ्या गिटहबनं जाहीर केलं की हेरोकू आणि ट्रॅव्हिस सीआय या दोन सेवांना लोकांनी दिलेली टोकनं चोरीला गेली आणि त्यांच्या आधारे डझनावारी संस्थांचा खासगी कोड उतरवून घेतला गेला. जानेवारी २०२३मध्ये सर्कलसीआय या सेवेनं आपल्या सगळ्या ग्राहकांना तिथे ठेवलेली प्रत्येक गुप्त चावी ताबडतोब बदलायला सांगितलं. एका अभियंत्याच्या लॅपटॉपवरून चोर आत शिरला होता. ऑगस्ट २०२५चं प्रकरण तर आपल्या विषयाला अगदी लागून आहे. सेल्सलॉफ्ट कंपनीच्या ड्रिफ्ट या चॅट-साधनाची, ग्राहकांची माहिती सांभाळणाऱ्या सेल्सफोर्स या सेवेशी असलेली जोडणी चोरांच्या हाती लागली. त्या टोकनांवर ७००हून अधिक संस्थांच्या माहितीला धोका पोहोचल्याचा गूगलच्या तपास पथकाचा अंदाज होता. त्यात क्लाउडफ्लेअर, पालो अल्टो नेटवर्क्स, झीस्केलर अशा सुरक्षेचाच धंदा करणाऱ्या कंपन्या होत्या. त्यांचं स्वतःचं दार कुणी फोडलं नव्हतं. चोरांनी ग्राहकांच्या तक्रारींचा मजकूर उपसून त्यात कुणी चुकून लिहून ठेवलेले पासवर्ड आणि चाव्या शोधल्या. आपली माहिती किती सुरक्षित, हे आपण जोडलेल्या सगळ्यात ढिल्या सेवेवर ठरतं, याचा एवढा मोठा दाखला दुसरा नसेल.

जुन्या, विसरलेल्या कनेक्शनबद्दल बोलायचं तर खुद्द मायक्रोसॉफ्टचंच उदाहरण आहे. जानेवारी २०२४मध्ये कंपनीनं कबूल केलं की रशियाशी संबंधित हेरगटानं वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या ईमेलपर्यंत मजल मारली. सुरुवात झाली ती चाचणीसाठी काढलेल्या एका जुन्या खात्यापासून, आणि पुढची वाट मिळाली ती चाचणीसाठीच बनवलेल्या एका जुन्या ओऑथ ॲपमधून, ज्याला गरजेपेक्षा कितीतरी जास्त अधिकार देऊन ठेवलेले होते. जिथे सुरक्षेसाठी माणसांच्या फौजा आहेत तिथे ही गत, तर प्रवेशाच्या गडबडीत क्लासच्या ऑफिसात कोण पाहणार?

हे सगळं ऐकून आयटीवाला म्हणतो: यापुढे कुठलंही ॲप माझ्या संमतीशिवाय जोडायचं नाही. गूगल वर्कस्पेस आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ दोन्हींत प्रशासकाला तशी सोय आहे. आता त्याचं दुसरं पारडं पाहू.

पुण्या-नाशिककडच्या एखाद्या मध्यम कारखान्यात खरेदी विभागातली बाई दर सोमवारी आठ पुरवठादारांच्या ईमेलमधून बिलं काढून एका फोल्डरात टाकते. तिला कुणीतरी पॉवर ऑटोमेट दाखवलं आणि तिनं स्वतःच ते काम लावून टाकलं. तिला कोडिंग येत नाही आणि यायची गरजही नाही. या साधनांचं खरं मोल हेच आहे. कामाची अडचण ज्याला कळते त्यालाच ती सोडवता येते, आयटी विभागाच्या रांगेत उभं न राहता. आता दर जोडणीसाठी अर्ज, अर्जावर सही, सहीसाठी तीन आठवडे अशी व्यवस्था केली तर ती बाई काय करील? बिलं आपल्या घरच्या जीमेलवर फॉरवर्ड करील आणि जोडणी तिथे करील. किंवा एक्सेल फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकील. किंवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवील. कुलपामुळे धोका कमी होत नाही. तो फक्त आयटीवाल्याच्या नजरेआड जातो.

वरून आलेल्या बंधनाचीही किंमत मोजावी लागते. ऑक्टोबर २०१८मध्ये गूगलनं जीमेलमधली माहिती वाचणाऱ्या ॲप्सवर कडक नियम आणायचं जाहीर केलं. हेतू चांगलाच होता. कुणाच्याही पत्रव्यवहारात डोकावणाऱ्या फुकट्या ॲप्सना आळा बसणं गरजेचं होतं. पण त्या नियमांपायी मार्च २०१९च्या अखेरीस इफ्ट या लोकप्रिय साधनातून जीमेलचा ईमेल आला की पुढचं काम सुरू करणारी सगळी सोय निघून गेली. ज्यांची वर्षानुवर्षांची छोटी छोटी कामं त्यावर चालत होती त्यांना दुसरी वाट शोधावी लागली. त्यांनी कुठलाही गैरवापर केलेला नव्हता. सुरक्षेचा निर्णय वरून झाला की त्याचं बिल बहुधा खालच्यांच्या नावावर फाटतं, हे लक्षात ठेवून बंधनांची मात्रा ठरवावी.

मग व्यवस्था कशी असावी? इथे नेमका मुद्दा असा की साखळी बांधण्याचा अधिकार आणि कनेक्शन काढण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या एकत्र धरून बसतो. खरेदीच्या बाईला साखळी बांधू द्या, मोडू द्या, पुन्हा बांधू द्या. बिलांच्या मेलबॉक्सचं कनेक्शन मात्र तिच्या नावावर नको. ते खात्याच्या नावावर असावं, एकदा नीट तपासून काढलेलं, आणि तिला फक्त वापरायला दिलेलं. झॅपिअरच्या टीम योजनेत किंवा मेकमध्ये जोडण्या अशा सामाईक ठेवता येतात, एन-एट-एनमध्येही क्रेडेन्शियल (जोडणीचं तिथलं नाव) दुसऱ्याला वापरायला देता येतं, गुप्त चावी न दाखवता. मायक्रोसॉफ्टच्या दुनियेत तर माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या फ्लोंना 'अनाथ फ्लो' असंच म्हणतात आणि प्रशासकानं ते शोधून दत्तक द्यावेत अशी सोय आहे. अनाथ होईपर्यंत वाट पाहायची गरज नव्हती, एवढंच माझं म्हणणं.

सामाईक कनेक्शनवर एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो बाजूला सारता येत नाही. मॅडमच्या नावावरची जोडणी असेल तर शीटच्या इतिहासात 'मॅडमनी बदललं' असं तरी दिसतं. 'ऑटोमेशन' नावाच्या खात्यातून सगळंच झालं तर कुणी काय केलं हे कळायला मार्ग उरत नाही. शंभर जणांना एकच चावी दिली की चावी हरवल्यावर कुणाला विचारणार? शिवाय ज्या माणसाला एरवी पगारपत्रक दिसणार नाही त्याला सामाईक कनेक्शनच्या आडून ते दिसू शकतं. नेमलेल्या खात्याचे अधिकार जितके मोठे तितकं ते भोक मोठं. बँकेचं, पगाराचं, रुग्णांच्या कागदपत्रांचं काम असेल तिथे मी व्यक्तीच्या नावाचीच जोडणी ठेवीन आणि ती तुटण्याचा त्रास सोसेन. चौकशा, बिलांच्या प्रती, हजेरी, स्मरणपत्रं या रोजच्या कामांना संस्थेच्या नावाचं खातं बरं. एकाच मोठ्या 'ऑटोमेशन' खात्याऐवजी कामागणिक वेगळं खातं, त्याला तेवढेच अधिकार. पंधरा-वीस माणसांच्या ऑफिसात अशी दोन-तीन खाती पुरतात.

स्वतःच्या सर्व्हरवर साधन बसवलं की सगळे प्रश्न सुटतात, असं मानणारा एक गट आहे. बर्लिनहून आलेलं एन-एट-एन त्यांचं लाडकं. महिन्याला काही शे रुपयांचा सर्व्हर घ्या, साधन बसवा, माहिती बाहेर जाणार नाही. यात तथ्य आहे, पण तेवढंच नाही. स्वतः बसवलेल्या एन-एट-एनमधून गूगल जोडायचं तर गूगल क्लाउडमध्ये स्वतःचा प्रोजेक्ट काढावा लागतो. बहुतेक जण व्हिडिओ पाहून तो काढतात आणि परवानगीचं पान 'टेस्टिंग' या अवस्थेतच ठेवून देतात. त्या अवस्थेत जीमेल, ड्राइव्हसारख्या परवानग्यांचं टोकन सात दिवसांत मरतं. मग दर आठवड्याला 'रीकनेक्ट' करायचं, आणि दोष एन-एट-एनला द्यायचा. पान 'प्रॉडक्शन'मध्ये नेलं किंवा वर्कस्पेसचं खातं असेल तर 'इंटर्नल' केलं की ही कटकट संपते. गूगलचे बाकी नियम त्यानंतरही लागू राहतात: सहा महिने न वापरलेलं टोकन बाद होतं; जीमेलची परवानगी असलेलं टोकन पासवर्ड बदलला की जातं; आणि एका खात्यानं एकाच ॲपला शंभराहून जास्त टोकनं दिली तर सगळ्यात जुनं न सांगता रद्द होतं. 'काहीच बदललं नाही आणि बंद पडलं' अशा तक्रारींमागे पुष्कळदा यातलंच एखादं कारण निघतं.

सर्व्हर स्वतःचा म्हटला की त्याची राखणही स्वतःचीच. एन-एट-एन सगळी क्रेडेन्शियल्स एका किल्लीनं कुलूपबंद करून ठेवतं. सर्व्हर हलवताना ती एन्क्रिप्शन की मागे राहिली तर साखळ्या येतात, जोडण्या मात्र एकही उघडत नाही. डिसेंबर २०२५मध्ये याच साधनात दहापैकी ९.९ तीव्रतेचा दोष उघडकीला आला. ज्यांनी आवृत्ती वेळेवर बदलली ते वाचले. क्लाउडवरच्या सेवेत ती चिंता कंपनीची असते, पण तिथेही सगळं आलबेल नसतं: फेब्रुवारी २०२५मध्ये झॅपिअरनं ग्राहकांना कळवलं की कंपनीच्या कोडच्या साठ्यात अनधिकृत शिरकाव झाला आणि काही ग्राहकांची माहिती तिथे चुकून उतरवलेली होती. ज्या ऑफिसात महिन्याला एकदा तरी सर्व्हर अपडेट करणारा माणूस नाही, त्यानं स्वतःचा सर्व्हर घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. माहिती आपल्या ताब्यात असल्याचं समाधान आणि माहिती सुरक्षित असणं यांत बराच फरक आहे.

कुठलंही साधन घेतलं तरी कनेक्शन तोडताना होणारी एक गफलत सगळीकडे सारखीच. साखळी 'ऑफ' केली म्हणजे कनेक्शन गेलं, असा समज असतो. ते जिवंतच राहतं. साधनातून कनेक्शन डिलीट केलं तरी समोरच्या सेवेत परवानगीची नोंद पुष्कळदा उरते. ती गूगल खात्याच्या 'थर्ड-पार्टी ॲप्स'च्या पानावर जाऊन वेगळी काढावी लागते. दोन्ही टोकांना गाठ सोडायची असते. बरं, एपीआय की (सेवेची गुप्त चावी) आणि वेबहुक (माहिती जिथे पाठवायची तो वेबपत्ता) या यादीत धड दिसतही नाहीत. पेमेंट गेटवेची की कॉपी करून पेस्ट केली की तिच्यावर ना कुणाचं नाव राहतं ना मुदत. वेबहुकचा लांबलचक पत्ता तर नुसता ज्याला माहीत त्याला दार उघडून देतो. बहुतेक ठिकाणी त्यावर दुसरी तपासणीही नसते. जाहिरात एजन्सी बदलताना पेजचा ॲक्सेस काढून घ्यायचं लोकांच्या लक्षात असतं, पण त्या मुलाच्या चॅटमध्ये पडलेला वेबहुकचा पत्ता कुणालाच आठवत नाही.

कायद्यानंही आता यात लक्ष घातलं आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. त्यातलं एक तत्त्व क्लासवाल्यानं, दवाखान्यानं, हाउसिंग सोसायटीनं समजून घ्यावं असं आहे. माहिती गोळा करणारा तुम्ही असाल तर ती दुसऱ्या कुणाकडून प्रक्रिया करून घेतली तरी जबाबदारी तुमचीच राहते. 'ते झॅपिअरमधून गेलं' हे उत्तर चालणार नाही. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. गल्लीतल्या क्लासला एवढा दंड होणार नाही, हे उघड आहे. पण एखाद्या पालकानं 'माझ्या मुलाची माहिती कुठे कुठे गेली?' असं विचारलं तर सांगता यायला हवं, आणि मॅडमच्या खासगी ड्राइव्हमधल्या शीटचं उत्तर देणं अवघड आहे.

कनेक्शनला मुदत का नसते, हा प्रश्न मात्र साधनं बनवणाऱ्या कंपन्यांना विचारायला हवा. पैशांच्या बाबतीत आपल्या देशानं या विषयात बरीच मजल मारली आहे. रिझर्व्ह बँकेच्या अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्थेत बँकेतली माहिती कुणाला द्यायची तर संमतीतच लिहावं लागतं: कोणती माहिती, कशासाठी, किती काळ, आणि ती मागे घेता येते. यूपीआय ऑटोपेमध्ये आपण दिलेली सगळी मॅन्डेट्स ॲपमध्ये एका यादीत दिसतात आणि तिथूनच थांबवता येतात. कार्डावरच्या आवर्ती वसुलीसाठी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना देणं बँकांना बंधनकारक आहे. २०२१मध्ये हा नियम अंमलात आला तेव्हा अनेकांची सबस्क्रिप्शन्स अडकली आणि सगळ्यांनी रिझर्व्ह बँकेला बोल लावला. आज कुणाला तो नियम काढून टाकावासा वाटत नाही. ॲपच्या कनेक्शनला मात्र देतानाच अखेरची तारीख घालायची सोय या साधनांत सहसा नाही. एखाद्या प्रवेशहंगामासाठी जोडलेली गोष्ट पुढच्या पाच हंगामांपर्यंत चालू राहते ती केवळ कुणी बंद केली नाही म्हणून.

याला विरोध होईल तो चालू कामाच्या नावानं. महिनाअखेरीस पगार निघायच्या दिवशीच मुदत संपली तर? तो धोका आहेच, म्हणून मुदतीआधी सूचना हवी, एकापेक्षा जास्त माणसांना, आणि ज्यानं जोडणी काढली त्याच्यापलीकडे कुणाला तरी. फेसबुकच्या लांब मुदतीच्या वापरकर्ता-टोकनाचं आयुष्य साधारण ६० दिवसांचं असतं. म्हणजे अचानक मरणाऱ्या जोडण्यांची सवय या क्षेत्राला आहेच. ठरवून, सांगून मरणारी जोडणी त्यापेक्षा नक्कीच सोसवेल.

हा विषय आता लांबणीवर टाकता येणार नाही, कारण या कनेक्शनांना नवे वापरणारे मिळाले आहेत. आतापर्यंत साखळी ठरलेली असे: फॉर्म आला, ओळ भरली, मेसेज गेला. टोकनाला ड्राइव्ह पुसायचा अधिकार असला तरी साखळीत पुसायची पायरीच नसे, म्हणून तो अधिकार निपचित पडून राही. आता झॅपिअर, एन-एट-एन, मेक सगळ्यांत एआय एजंट आले आहेत. पुढचं पाऊल कोणतं हे ते जागेवर ठरवतात, आणि हाताशी असलेलं कुठलंही कनेक्शन उचलतात. ईमेलच्या मजकुरात कुणी दडवून लिहिलेली सूचना एजंटानं हुकूम समजून पाळावी, असे प्रकार संशोधकांनी दाखवून दिले आहेत. जास्तीचा अधिकार इतके दिवस निव्वळ ढिलाई होती. एजंटाच्या हाती तो गेला की वापरलाही जाऊ शकतो. एजंटाला द्यायचं कनेक्शन वेगळं काढावं, वाचण्यापुरतं, आणि लिहिण्या-पुसण्याच्या पायरीआधी माणसाची संमती ठेवावी. यात मी कुठलीही सवलत द्यायला तयार नाही, खरेदीच्या त्या बाईलाही नाही.

बाकी बाबतींत सवलत द्यावी. साखळ्यांची संख्या मोजत बसू नये, प्रत्येक प्रयोगाला परवानगी मागायला लावू नये. कनेक्शनांची मात्र एक साधी शीट ठेवावी: कुठली सेवा, कोणत्या खात्यातून, कुणी काढली, कशासाठी, कधी तपासायची, आणि सूचना कुणाला जाते. वेबहुक आणि की त्याच शीटमध्ये, पण त्यांचे पत्ते आणि आकडे तिथे न लिहिता. शीट संचालक किंवा मुख्याध्यापक पातळीवरच्या माणसाकडे असावी. नोकरी सोडणाऱ्याकडून लॅपटॉप आणि ओळखपत्र परत घेतात त्या यादीत एक ओळ वाढवावी. हे काम महिन्यातून अर्ध्या तासाचं आहे.

खर्चाचं काय, असं छोट्या संस्था विचारतात. संस्थेच्या नावाचं खातं म्हणजे वर्कस्पेसच्या एका जास्तीच्या माणसाचं मासिक भाडं, आणि साधनात सामाईक जोडण्यांसाठी बहुधा वरची योजना. ही कुरकुर रास्त आहे. सुरक्षित वापराची मूलभूत सोय महागड्या योजनेत बांधून ठेवणं या कंपन्यांना शोभत नाही, आणि ग्राहकांनी तसं त्यांना सुनावलंही पाहिजे. तोवर ज्यांना वरची योजना परवडत नाही त्यांनी निदान संस्थेच्या नावाचं एक खातं काढावं, त्याचा पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याची पडताळणी दोन जबाबदार माणसांकडे ठेवावी, आणि पुढच्या हंगामाची शीट मॅडमच्या जीमेलवर न उघडता त्या खात्यात उघडावी. जुनी शीट हलवायला एक संध्याकाळ पुरते.